खुळी बिली, शहाणी ज्युडी

गेल्या अंकात ‘सनसेट बुलेव्हार्ड’ आणि ‘ऑल अबाउट ईव्ह’ या १९५० सालच्या दोन चित्रपटांवर लिहिताना मी शेवटी एक वाक्य घातलं होतं : त्या वर्षीचं अभिनेत्रीचं ऑस्कर ग्लोरिया स्वॉन्सनला मिळालं नाही, बेटी डेव्हिसलाही मिळालं नाही, ते ‘बॉर्न यस्टरडे’साठी ज्युडी हॉलिडेला मिळालं. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी बाकीच्या सगळ्या लेखावर आली नाहीत. कोणी रागावलंय, कोणी माहिती विचारलीय, कोणाला जुनं काहीतरी आठवलंय. म्हणून या वेळचं सदर पूर्ण तिच्यासाठी ठेवलं. माझी अतिशय आवडती नटी आहे ती, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : स्वॉन्सनची नॉर्मा डेस्मंड आणि डेव्हिसची मार्गो चॅनिंग या भूमिकांची नावं आजही लोक घेतात. आणि ऑस्कर दिलं ते हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटातल्या एका नटीला. हा सरळसरळ अन्याय नव्हे का? मतं फुटली म्हणून तिचं फावलं असं मी वाचलं आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : मतं फुटली असणं शक्य आहे. ‘ऑल अबाउट ईव्ह’मधल्या बेटी डेव्हिस आणि ॲन बॅक्स्टर, दोघीही एकाच गटात होत्या. पाचवी होती ‘केज्ड’मधली एलिनॉर पार्कर. पण मतं फुटली हे फार तर डेव्हिस का हरली याचं उत्तर झालं. ज्युडी का जिंकली, ते पडद्यावरच पाहावं लागतं.

‘बॉर्न यस्टरडे’ची गोष्ट थोडक्यात अशी. हॅरी ब्रॉक हा भंगाराच्या धंद्यात गब्बर झालेला माणूस वॉशिंग्टनला येतो. एका खासदाराला खिशात घालून कायदा आपल्या सोयीचा करून घ्यायचा, हा बेत. सोबत त्याची बाई बिली डॉन, एकेकाळी कोरसमध्ये नाचणारी. चारचौघांत ती आपलं हसं करील या भीतीनं ब्रॉक तिला शिकवायला एक पत्रकार ठेवतो. बिली वर्तमानपत्रं वाचू लागते, चष्मा लावू लागते, शब्दकोश उघडून बसते. आणि एक दिवस तिला कळतं की आपण आजवर डोळे मिटून ज्या कागदांवर सह्या केल्या, त्यांच्यामुळे ब्रॉकची बरीचशी मालमत्ता आपल्याच नावावर आहे. तिथून ब्रॉकचे दिवस फिरतात.

नॉर्मा आणि मार्गो पहिल्या प्रवेशापासूनच मोठ्या आहेत. त्यांचे संवाद, कपडे, घरं, सगळं त्यांना उचलून धरतं. बिलीकडे पहिल्या अर्ध्या तासात काही म्हणजे काही नाही. तिला बघून आपण हसतो, आणि थोडं निर्लज्जपणेच हसतो. तिथपासून ‘मला असं वागवायचं नाही’ म्हणणाऱ्या बाईपर्यंत ज्युडी आपल्याला नेते, आणि वाटेतली एकही पायरी गाळत नाही. कुठल्या क्षणी आपण हसायचं थांबलो ते सांगता येत नाही. विनोदी चित्रपटात हे करून दाखवणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी तो चित्रपट आवाज बंद करून, नुसता तिचा चेहरा बघत पाहावा. मला विचाराल तर ते ऑस्कर योग्य बाईलाच मिळालं.

२९ मार्च १९५१ च्या त्या रात्री ज्युडी हॉलिवूडला नव्हतीच. न्यूयॉर्कमधल्या ‘ला झांब्रा’ या रेस्टॉरंटात होजे फेररनं मंडळी जमवली होती, तिथे ती रेडिओवर निकाल ऐकत होती. फेररला त्याच रात्री अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. आणि त्याच मेजवानीत ग्लोरिया स्वॉन्सनही बसलेली होती.

प्रश्न : आमच्या हौशी ग्रुपच्या एकांकिकेत मला ‘मठ्ठ बायको’चं काम आहे. दिग्दर्शक म्हणतात, हशे वसूल झाले पाहिजेत. तालमीत सगळे हसतात, पण काम करताना मला आतून बरं वाटत नाही. तुम्ही सांगितलेल्या नटीकडून काही शिकता येईल का, ताई? (एक नवखी अभिनेत्री, इचलकरंजी)

उत्तर : तुला बरं वाटत नाही ही मला चांगली खूण वाटते. तू एक कर. ‘बॉर्न यस्टरडे’ मिळव आणि त्यातला पत्त्यांचा प्रसंग पाठ होईपर्यंत पाहा.

हॉटेलातली रात्र आहे. टेबलाच्या एका बाजूला ब्रॉक, म्हणजे ब्रॉडरिक क्रॉफर्ड, धिप्पाड, घामेजलेला, मालकीच्या तोऱ्यात. दुसऱ्या बाजूला बिली. दोघं जिन रमी खेळताहेत. कितीतरी वेळ कोणी धड वाक्य बोलत नाही. बिली पत्ते उचलते आणि हातात लावू लागते. एक पत्ता इकडून काढून तिकडे खोचते, परत काढते, दोन पत्त्यांच्या मधे सरकवते, मग मान थोडी मागे घेऊन सगळा हात एकदा नजरेखालून घालते. ही लावालाव ती इतक्या टापटिपीनं आणि इतक्या सावकाश करते की समोरच्या ब्रॉकचा जीव वरखाली होतो. वर ती एक जुनं गाणं गुणगुणत असते, स्वतःशीच, त्याला चिडवायला म्हणून अजिबात नाही. मग पत्ता उचलायची आणि नको असलेला टाकायची तिची झटपट सुरू होते. ब्रॉक अजून आपल्या हाताकडे बघतोय तोवर तिनं ‘जिन’, म्हणजे डाव लागला, असं म्हणून पत्ते उघडून ठेवलेले असतात. पुन्हा वाटतात, पुन्हा तेच. तो पैसे मोजून देतो, ती हिशेब लिहिते.

आता या प्रसंगात काय घडलं ते बघ. सुरुवातीला आपण बिलीला हसत असतो, तिच्या नखऱ्यांना, तिच्या गुणगुणण्याला. प्रसंग संपेपर्यंत आपण ब्रॉकला हसायला लागलेलो असतो. कोणी कोणाला काही सुनावलेलं नाही, कोणी भाषण ठोकलेलं नाही. फक्त ती जिंकत गेली. या बाईला डोकं आहे, ते कुठे वापरायचं हे आजवर कोणी तिला विचारलं नव्हतं, एवढं प्रेक्षकाला कळून चुकतं. पुढे ती शिकते तेव्हा ते आपल्याला पटतं, ते या पत्त्यांमुळे.

म्हणून तुझ्या त्या बायकोला असं एक काम दे की ज्यात घरातलं कोणीही तिचा हात धरणार नाही. दूधवाल्याचा हिशेब असेल, निवडणं-टिपणं असेल, काहीही. आणि ते काम स्टेजवर खरंखुरं कर, मन लावून. लोक तिला काहीतरी बोलत असताना तिचं लक्ष तिकडे नसतं, कारण ते इथे असतं. मग तिचं उत्तर उशिरा आलं, भलतंच आलं, तरी ती मठ्ठ वाटणार नाही. आपल्या कामात गुंतलेली बाई वाटेल. हशा येईलच. तो मागायला जाऊ नकोस. ज्युडी कधी मागत नाही.

आवाजाबद्दलही सांगते, कारण नक्कल करायची तर लोक आधी आवाज उचलतात. बिलीचा आवाज नाकातून निघणारा, चिरका आहे. ब्रॉक हॉटेलच्या त्या टोकाच्या खोलीतून तिला हाक मारतो आणि ती या टोकाकडून ‘काय?’ म्हणून ओरडते, त्यात तिचा सगळा संसार कळतो. पण तो आवाज ज्युडीचा नव्हता, बिलीसाठी बनवलेला होता. ‘ॲडम्स रिब’ या तिच्या आधीच्या चित्रपटातल्या डोरिसला तिनं वेगळाच दिलाय, दमलेला, सपाट. पुढे ती गाते तेव्हा तिसराच ऐकू येतो. तुझ्या बायकोचा आवाज तूच शोध.

आणखी एक, तुमच्या दिग्दर्शकांसाठी. नाटकात हशा आला की नट थांबतो. चित्रपटात थांबता येत नाही, आणि न थांबावं तर पुढचं वाक्य हशात बुडतं. म्हणून दिग्दर्शक जॉर्ज क्यूकरनं शूटिंगच्या आधी स्टुडिओतल्याच लोकांना बसवून त्यांच्यापुढे नटांकडून प्रवेश करून घेतले, हशा कुठे येतो आणि किती वेळ टिकतो ते अजमावायला. तालमीला ग्रुपबाहेरची चार माणसं बोलवा. ग्रुपमधली माणसं तुम्हाला खूश करायला हसतात.

प्रश्न : ‘बॉर्न यस्टरडे’च्या मूळ नाटकात दुसरीच नटी होती आणि हिनं तीन दिवसांत काम पाठ करून उभं केलं, हे खरं की दंतकथा? आणि त्याआधी ही होती कुठे? (एक नाट्यवेडा, नागपूर)

उत्तर : खरं आहे. नाटककार गार्सन केनिननं बिली लिहिली ती जीन आर्थरला डोळ्यांसमोर ठेवून. ती त्या काळची मोठी चित्रपट-तारका. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या नाट्यगृहांत, नाटक आणण्याआधी बाहेरगावी प्रयोग करून ते घोटून घेण्याची अमेरिकेत पद्धत होती. त्या दौऱ्यातच आजारपणाच्या कारणानं जीन आर्थर बाहेर पडली. फिलाडेल्फियाचा मुक्काम तोंडावर. आपल्याकडे नाटकवाले ज्याला रिप्लेसमेंट म्हणतात, तशी ज्युडी उभी राहिली. वय चोवीस. तीन अंकी नाटकातली नायिका, जवळजवळ सतत स्टेजवर, आणि हातात तीन दिवस. ४ फेब्रुवारी १९४६ ला न्यूयॉर्कच्या लायसियम थिएटरात नाटक उघडलं आणि ते एकूण १,६४२ प्रयोग चाललं. त्यातली पहिली तीन वर्षं ज्युडीची.

त्याआधी कुठे होती, तर फार लांब नव्हती. ती न्यूयॉर्कचीच, जन्म २१ जून १९२१ चा, मूळ नाव ज्युडिथ टुव्हिम. रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबांतलं घर. आई पियानो शिकवायची, वडील समाजवादी चळवळीत आणि ज्यू संस्थांच्या कामात. ती लहान असतानाच दोघं वेगळी झाली आणि ती आईपाशी वाढली. शाळा संपल्यावर तिला नाटक लिहायचं होतं, बसवायचं होतं, नट व्हायचं तिच्या मनातही नव्हतं. म्हणून तिनं ऑर्सन वेल्सच्या मर्क्युरी थिएटरात नोकरी धरली. मिळाली ती टेलिफोनच्या स्विचबोर्डवर. हे लक्षात ठेवा, खाली पुन्हा येणार आहे.

मग ग्रीनिच व्हिलेजमध्ये ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ नावाच्या तळघरातल्या क्लबात पाच तरुण पोरांनी मिळून प्रहसनं आणि गाणी करायला सुरुवात केली. त्यात ज्युडी होती, बेटी कॉमडेन होती, अडॉल्फ ग्रीन होता. लेखक ठेवायला पैसे नाहीत म्हणून स्वतःच लिहायचे. ‘द रेव्ह्युअर्स’ हे त्यांच्या चमूचं नाव. पियानोवर अधूनमधून बसायचा तो ग्रीनचा दोस्त लेनर्ड बर्नस्टाइन, पुढे जगभर गाजलेला संगीतकार. अशा जागी रोज रात्री नवं काहीतरी करून दाखवायचं, समोरचा माणूस हातभर अंतरावर बसलेला, ग्लास वाजताहेत, लोक बोलताहेत. तिथे पाच-सहा वर्षं काढलेल्या मुलीला तीन दिवसांत बिली उभी करणं जमलं, यात मला नवल वाटत नाही.

मधे १९४४ मध्ये हॉलिवूडनं तिला बोलावलं, चारदोन किरकोळ कामं दिली. ‘ग्रीनिच व्हिलेज’ नावाच्याच एका चित्रपटात या चमूचं काम घेतलं आणि बहुतेक सगळं कापून टाकलं. ती परत आली. १९४५ मध्ये ‘किस देम फॉर मी’ या नाटकातल्या छोट्या भूमिकेसाठी तिला क्लॅरेन्स डरवेंट पुरस्कार मिळाला. आणि पुढल्याच वर्षी बिली.

प्रश्न : ‘ॲडम्स रिब’मध्ये कॅथरीन हेपबर्ननं मुद्दाम तिला पुढे केलं, असं ऐकलं. एक मोठी नटी दुसरीसाठी असं करील? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तिनं केलं, आणि त्याचा पुरावा चित्रपटातच आहे.

‘बॉर्न यस्टरडे’चे हक्क कोलंबिया स्टुडिओच्या हॅरी कोननं दहा लाख डॉलर देऊन घेतले, आणि ज्या बाईमुळे नाटक चाललं तीच त्याला नको होती. त्याच्या मते तिच्यात पडद्यावर दिसण्यासारखं काही नव्हतं. मनात रिटा हेवर्थ. तेव्हा केनिन, त्याची बायको रूथ गॉर्डन, दिग्दर्शक क्यूकर, हेपबर्न आणि स्पेन्सर ट्रेसी या मंडळींनी एक डाव रचला. ‘ॲडम्स रिब’ केनिन-गॉर्डन जोडप्यानंच लिहिलेला. त्यात डोरिसचं काम ज्युडीला द्यायचं आणि ते असं घ्यायचं की कोननं ते पाहावं आणि गप्प व्हावं.

डोरिस ही दोन-तीन पोरांची आई. नवऱ्याचं बाहेर लफडं आहे असा वहीम येतो आणि ती बंदूक घेऊन त्याच्या मागावर निघते. बंदूक कशी चालवतात ते ठाऊक नाही, म्हणून सोबत आलेला माहितीचा कागद वाचते, मधेच चॉकलेट खाते. हेपबर्न तिची वकील. दोघींची पहिली मुलाखत कॅमेऱ्यानं कट न करता, एका दमात घेतली आहे, कितीतरी मिनिटं. कॅमेरा ज्युडीच्या चेहऱ्यावर. हेपबर्न एका बाजूला, टिपणं घेणारी, जवळजवळ पाठमोरी. चित्रपटाची नायिका ती, नाव तिचं मोठं, आणि त्या अख्ख्या प्रसंगात ती स्वतःचा चेहरा मागत नाही. गोळी झाडल्यावर काय वाटलं, या प्रश्नावर डोरिस सांगते की भूक लागली. ते ती हसवायला सांगत नाही, आठवून सांगते. कोननं हट्ट सोडला.

हेपबर्नचं मला एरवीही कौतुक आहे. पण तिचं सगळ्यात मोठं काम कोणतं असं कोणी विचारलं तर हा प्रसंगही मी त्यात मोजते.

प्रश्न : मॅकार्थीच्या समितीपुढे तिनं वेड पांघरून स्वतःची सुटका करून घेतली, असं सांगतात. वकिली केलेला माणूस म्हणून विचारतो, साक्षीत असं चालतं का, आणि तुमच्या मते ते योग्य होतं का? (एक निवृत्त वकील, सातारा)

उत्तर : आधी एक दुरुस्ती. ती समिती, कम्युनिस्ट हुडकून काढण्यासाठी गाजलेल्या सिनेटर मॅकार्थीची नव्हे. अमेरिकी सिनेटची अंतर्गत सुरक्षेची उपसमिती होती ती, अध्यक्ष पॅट मॅकरन. त्या काळाला मॅकार्थीचं नाव पडलं म्हणून सगळ्या समित्या त्याच्या खाती जमा होतात.

जून १९५० मध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाचं एक पुस्तक निघालं. रेडिओ-टीव्हीतल्या १५१ जणांची नावं, प्रत्येकाखाली तो कुठल्या सभेला गेला, कुठल्या अर्जावर सही केली, कुठल्या डाव्या संस्थेला मदत केली याची यादी. आरोप कोणताच सिद्ध केलेला नाही, खटला नाही. तरी नाव आलं की काम बंद. त्यात ज्युडी होती. एफबीआयनं तिची चौकशी केली, ती कम्युनिस्ट पक्षाची सभासद असल्याचा पुरावा मिळाला नाही. तरीही २६ मार्च १९५२ ला तिला समितीपुढे जावं लागलं, बंद दाराआड. वकील होते सायमन रिफकिंड, पूर्वी न्यायाधीश असलेले.

तुमच्यासारख्यांना ती कोंडी लगेच कळेल. घटनेच्या पाचव्या दुरुस्तीनं दिलेला, स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क सांगून उत्तर नाकारावं तर लोक धरून चालणार की ही दोषी, काम कायमचं गेलं. उत्तरं द्यायला सुरुवात करावी तर पुढचा प्रश्न ठरलेला : तुमच्यासोबत आणखी कोण होतं? अनेकांनी मित्रांची नावं दिली. ज्युडीनं बोलायचं ठरवलं आणि बिली डॉनला साक्षीला पाठवलं. ती बोलत राहिली, पाल्हाळ लावत राहिली. आपण किती भोळ्या होतो, कोणीही चांगल्या कामाचं नाव सांगितलं की कशी सही करत होतो, आणि आता कशा जपून असतो, कॅन्सर-पोलिओसारख्या कामांनाच कशा हो म्हणतो. कॉमडेन आणि ग्रीनबद्दल खोदून विचारलं तेव्हा तिनं त्यांची ग्वाही दिली. समितीच्या हाती एकही नाव लागलं नाही.

चालतं का म्हणाल, तर तिनं खोटं सांगितलं असा ठपका समितीला ठेवता आला नाही. योग्य होतं का? तिच्या काही मित्रांना ते अपमानास्पद वाटलं. इतक्या हुशार बाईनं आपल्या मतांबद्दल ‘मला फसवलं’ म्हणावं, याचं त्यांना वाईट वाटलं. तिलाही त्या सोंगाचा अभिमान नव्हता. पण मी नावं दिली नाहीत, एवढं मी राखलं, अशा अर्थाचं ती एका मित्राशी बोलली होती. माझं मत विचारता म्हणून सांगते : त्या दिवशी तिनं स्वतःची अब्रू खर्च करून दुसऱ्यांची भाकरी वाचवली, आणि मी तिला मानते. ज्या पुरुषांनी तिला खुळी समजून सोडून दिलं त्यांनी ‘बॉर्न यस्टरडे’ पाहिलाच असणार. ब्रॉक जसा पत्त्यांत फसला तसे ते फसले.

सुटका मात्र पूर्ण झाली नाही. चित्रपट मिळत राहिले, पण रेडिओ आणि टीव्हीची दारं सुमारे तीन वर्षं बंद राहिली.

प्रश्न : तिचा बुद्ध्यांक १७२ होता हे खरं का? (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तो आकडा सगळीकडे छापलेला असतो. मला त्याचं अप्रूप नाही. पत्त्यांचा प्रसंग पाहा.

प्रश्न : मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर नोकरी केली. फार वर्षांपूर्वी आम्ही मैत्रिणींनी एका ऑपरेटर मुलीवरचा रंगीत इंग्रजी चित्रपट पाहिला होता. ती फोनवर लोकांच्या आयुष्यात लुडबुड करायची आणि गाणी म्हणायची. ती हीच का? (एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, ठाणे)

उत्तर : हीच! चित्रपट ‘बेल्स आर रिंगिंग’, १९६० चा, दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली, नायक डीन मार्टिन. तुमच्या पत्रानं मला फार आनंद झाला.

निरोप घेणारी यंत्रं यायच्या आधी न्यूयॉर्कमध्ये निरोप-सेवा असायच्या. तुम्ही घरी नसाल तर तुमचा फोन तिथली मुलगी घेणार, निरोप लिहून ठेवणार, तुम्ही विचारलंत की सांगणार. एला पीटरसन ही अशा एका छोट्या सेवेत बोर्डावर बसते. नियम असा की निरोप घ्या, निरोप द्या, बाकी गप्प. तिला ते जमत नाही. जेवायला कटकट करणाऱ्या एका पोराशी ती सांताक्लॉज होऊन बोलते. लिहिणं खोळंबलेल्या एका नाटककाराला धीर देताना म्हातारी होते, तो तिला ‘मॉम’ म्हणतो, आणि इकडे ही त्याच्या प्रेमात. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळा आवाज. कानाला हेडफोन, हातात दोऱ्या, आणि आवाज बदलला की तिचा सगळा चेहरा बदलतो, जरी पलीकडच्याला तो दिसणार नसतो. तुम्ही बोर्डावर काम केलंय, तुम्हाला हे मी सांगायला नको.

हे आधी ब्रॉडवेवरचं संगीत नाटक होतं. २९ नोव्हेंबर १९५६ ला शुबर्ट थिएटरात लागलं, ९२४ प्रयोग झाले. संगीत ज्यूल स्टाइनचं, आणि लिहिलं होतं कोणी? कॉमडेन आणि ग्रीननं, त्या तळघरातल्या दोस्तांनी, खास ज्युडीसाठी. शाळा सोडल्यावर स्विचबोर्डवर बसलेल्या आपल्या मैत्रिणीला त्यांनी पुन्हा बोर्डावर बसवलं, या वेळी नायिका म्हणून. त्यासाठी तिला ब्रॉडवेचा टोनी पुरस्कार मिळाला तेव्हा स्पर्धेत ‘माय फेअर लेडी’ची ज्युली अँड्र्यूज आणि एथेल मर्मन होत्या. दोघी कसलेल्या गायिका. ज्युडीचा गळा तसा तयारीचा नव्हता, पण ‘द पार्टीज ओव्हर’ तिच्याकडून ऐकलं की मला दुसऱ्या कोणाचं ऐकवत नाही.

प्रश्न : एवढी मोठी नटी, मग चित्रपट इतके थोडे का? पुढे काय झालं तिचं? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : मुख्य भूमिका म्हणाल तर सातच. याचं एक कारण हॉलिवूड. पुन्हा पुन्हा तिच्यात बिलीच बघायची त्यांना सवय लागली. दुसरं कारण ती स्वतः. तिचं घर न्यूयॉर्कमध्ये होतं आणि जीव नाटकात. १९४८ मध्ये तिनं डेव्हिड ओपनहाइम या क्लॅरिनेट-वादकाशी लग्न केलं, १९५२ मध्ये मुलगा झाला, पुढे ती दोघं वेगळी झाली. तो मुलगा, जोनाथन, माहितीपटांचा नावाजलेला संकलक झाला.

तिसरं कारण आजार. १९६० मध्ये ती ‘लॉरेट’ नावाचं नाटक करत होती, लॉरेट टेलर या थोर नटीच्या आयुष्यावरचं. विनोद बाजूला ठेवून काहीतरी गंभीर करायची संधी. बाहेरगावच्या प्रयोगांतच तिची तब्येत ढासळली, नाटक न्यूयॉर्कला पोचलंच नाही, आणि स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. १९६३ मध्ये ‘हॉट स्पॉट’ हे संगीत नाटक आलं, ते ४३ प्रयोगांत बंद पडलं. ७ जून १९६५ ला न्यूयॉर्कमध्ये ती गेली. चव्वेचाळिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता.

मधल्या काळात तिनं गाणी लिहिली, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. जॅझ सॅक्सोफोन-वादक जेरी मलिगन तिचा जिवाभावाचा साथीदार होता. त्याच्या चालींवर ती शब्द लिहायची. दोघांनी १९६१ मध्ये एक रेकॉर्ड ध्वनिमुद्रित केली, ती बाजारात आली १९८० मध्ये, तिला जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर. ‘बेल्स आर रिंगिंग’मध्ये मलिगन दोन मिनिटं दिसतो, एलासाठी जुळवून आणलेल्या भेटीतला तो उंच मुलगा.

प्रश्न : सुरुवात कोणत्या चित्रपटानं करू? (एक वाचक, बंगळूरु)

उत्तर : ‘बॉर्न यस्टरडे’, हे वर वाचलंतच. त्यातलं वॉशिंग्टन खरंखुरं आहे, तिथे जाऊन शूट केलेलं.

त्यानंतर लोक साधारण ‘इट शुड हॅपन टू यू’ सांगतात. त्यात नोकरी गेलेली मुलगी साठवलेल्या पैशांतून कोलंबस सर्कलवरचा भलामोठा फलक भाड्यानं घेते आणि त्यावर फक्त आपलं नाव रंगवते. पुढे काय होतं ते आजच्या मुलांनी जरूर पाहावं. जॅक लेमनचा हा पहिला चित्रपट. ‘द सॉलिड गोल्ड कॅडिलॅक’ही छान आहे, विशेषतः घरात कोणी शेअर बाळगत असेल तर. दहा शेअरची मालकीण असलेली बाई वार्षिक सभेत उठून विचारते की संचालकांना एवढा पगार कशासाठी, आणि थांबतच नाही. समोर नायक पॉल डग्लस आहे, ब्रॉडवेवरच्या ‘बॉर्न यस्टरडे’तला मूळ हॅरी ब्रॉक.

पण मी तुम्हाला दुसरा म्हणून ‘द मॅरिंग काइंड’ सांगेन, १९५२ चा, क्यूकरचाच. टपाल खात्यात काम करणारा नवरा आणि त्याची बायको घटस्फोट मागायला कोर्टात आलेली आहेत आणि न्यायाधीशबाईंना आपला संसार सांगताहेत. अर्धा चित्रपट हसण्यात जातो. मग एका सुट्टीच्या दिवशी सगळी सहलीला जातात. ज्युडी गवतावर बसून युकुलेली, म्हणजे छोट्या गिटारसारखं वाद्य, वाजवत गाणं म्हणतेय. तिच्या मागून एक-दोन माणसं तळ्याच्या दिशेनं पळत जातात. ती गातच असते. आणखी माणसं पळतात. तिचा मुलगा बुडालेला असतो. पुढे तोच प्रसंग न्यायाधीशबाईंना सांगताना तिचा बांध फुटतो, तो पाहिल्यावर तिला नुसती विनोदी नटी म्हणायचं तुमच्याकडून होणार नाही.

तो एकट्यानं पाहू नका, कोणाला तरी सोबत घ्या. उपशीर्षकं लावून पाहा, कारण तिचं न्यूयॉर्की बोलणं भराभर जातं. आणि पाहून झाला की मला कळवा. पुढच्या अंकासाठीची पत्रं महिनाअखेरीपर्यंत पोचली तर त्यांना जागा ठेवते.